मुदतीतलं मरण

नोव्हेंबर तोंडावर आला तरी टिपणीसबाई मरेनात, आणि गायधन्यांच्या घरात त्याची काळजी सुरू झाली.

उघड कुणी बोलत नव्हतं. ओजस्वीची आई, पल्लवी गायधनी, गंगापूर धरणाच्या रस्त्यावरच्या 'विसावा'त नेमाने डबा पाठवायची. कधी ओल्या नारळाच्या करंज्या, कधी तूप घातलेली मऊ खिचडी. 'विसावा'त शेवटच्या आजारातली माणसं राहत. डबा पोचला का हे विचारायचं निमित्त करून पल्लवी तिथल्या डॉक्टरांना फोन लावायची आणि अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं विचारायची, "बाकी टिपणीसबाई कशा आहेत?"

एकदा ओजस्वी जिन्यात उभी होती, तेव्हा तिला आईचा पुढचा प्रश्नही ऐकू आला.

"म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत...? नाही, आपली मनाची तयारी असावी म्हणून विचारलं."

ओजस्वी तशीच वर आपल्या खोलीत गेली आणि काही बोलली नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त शिसारी आली ती स्वतःच्या या गप्प बसण्याची.

ओजस्वी सतरा वर्षांची होती आणि तिला अमेरिकेत शिकायला जायचं होतं. साध्यासुध्या कॉलेजात नव्हे, तर पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात, जिथे जगभरातून पोरं अर्ज करतात आणि मूठभरांनाच आत घेतात. ती हुशार होती, पण अर्ज करणारं प्रत्येकच पोर हुशार होतं. पूर्वी अशा वेळी निबंध कामाला यायचा. तुमच्यावर काय ओढवलं, त्यातून तुम्ही कसे उभे राहिलात, ते लिहायचं. मग यंत्रं लिहू लागली आणि निबंधाला काही अर्थच उरला नाही. कुठलंही यंत्र बघता बघता कुणाचाही आजोबा मारून दाखवायचं, तोही वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असा.

त्यावर तोड म्हणून 'ट्रेस' आला. मुळात तो स्मृती हरवत चाललेल्या रुग्णांसाठी शोधला गेला होता. त्यामागचं तत्त्व सरळ आहे. माणूस खरोखर जगलेली गोष्ट आठवतो, तेव्हा मेंदू ती कपाटातून काढल्यासारखी काढत नाही. दर वेळी नव्याने जुळवतो. वास एका भागातून येतो, आवाज दुसऱ्यातून, पोटात पडलेला खड्डा तिसऱ्यातून, आणि खोल आत दडलेला हिप्पोकॅम्पस नावाचा चिमुकला भाग त्या सगळ्यांना ठरावीक क्रमाने हाका मारतो. शब्द सगळ्यांच्या मागून येतात. रचलेल्या किंवा घोकलेल्या गोष्टीत हा क्रम उलटा होतो. शब्द आधी येतात, आणि वास-आवाज मागून, फरफटत आणल्यासारखे. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं आणि त्यातून अतिशय क्षीण चुंबकीय लहरी उठतात. त्या टिपणारी एक टोपी तयार झाली. टोपी डोक्यावर ठेवून आठवण सांगायची. ती खरी जगलेली आहे का आणि किती खोल रुतली आहे, ते पडद्यावर उमटायचं.

टोपीला आठवण दिसत नसे. "कढईत काय तळताय ते तिला कळत नाही, तेल किती तापलंय तेवढं कळतं," असं नाबर मॅडम पालकांना समजावून सांगत.

रेवती नाबर नाशकात परदेशी प्रवेशाचं मार्गदर्शन करायच्या. खोटा निबंध चालत नाही म्हटल्यावर खोटेपणा संपेल, असं विद्यापीठांना वाटलं होतं. झालं भलतंच. लोक खरी दुःखं मिळवायच्या मागे लागले. नाबर मॅडम त्याला 'अनुभवाचं नियोजन' म्हणत. कुणाला वादळी हवेत मासेमारीच्या होडीवर चढवलं जाई, कुणी पूरग्रस्त गावात महिना काढून येई. एका मुलाचं धडधाकट कुत्रं परीक्षा संपल्याबरोबर दगावलं, त्याबद्दल कुणी खोलात गेलं नाही. आणि ट्रेसमध्ये सगळ्यात उंच उसळी मारायचा तो वियोग. म्हणून उन्हाळ्यात ओजस्वीला 'विसावा'त धाडण्यात आलं, आणि तिच्या वाट्याला कमलिनी टिपणीस आल्या.

टिपणीसबाई जिल्हा न्यायालयात लघुलेखक होत्या. लग्न केलं नव्हतं. स्वादुपिंडाला गाठ होती आणि डॉक्टरांनी थोडेच महिने सांगितले होते. ओजस्वी पहिल्या दिवशी "आजी" म्हणाली, तशा त्या फिसकारल्या.

"मी कुणाची आजी नाही. बाई म्हण. रमी येते?"

"नाही."

"मग शिक. नुसती हात धरून बसणार असशील तर मला झोपू दे."

ओजस्वी शिकली. बाई खेळताना बिनदिक्कत लबाडी करायच्या आणि पकडलं की खोकल्याचं सोंग घ्यायच्या. कोर्टातल्या उलटतपासण्या त्या आवाज बदलून करून दाखवत. ओजस्वी आधी आठवड्यातून एकदा जायची, मग एक दिवसाआड, मग रोज. श्रावणात बाईंना दोन घास जाईनात, तेव्हा ती घरी येऊन जेवली नाही. यात कसलंही नियोजन नव्हतं. तिचा जीव जडला होता.

एका दुपारी पानं पिसता पिसता बाईंनी विचारलं, "मी मेले की तुझं अमेरिकेचं काम होणार म्हणतात, खरं का?"

ओजस्वीचे कान तापले. "कोण म्हणालं?"

"म्हणालं कुणी नाही. तुझी आई येऊन काय खावंसं वाटतं विचारून गेली. माणसं हे कधी विचारतात ते मला कळतं."

"मी सांगते तिला, डबा नको पाठवूस म्हणून."

"करंज्या बऱ्या असतात. राहू दे," बाई म्हणाल्या. "पण मी काही तुझ्या तारखेला मरणार नाही हो."

झालंही तसंच. नवं औषध लागू पडलं. गाठ आकसली, बाईंच्या तोंडाला चव आली, त्या काठी घेऊन व्हरांड्यात फिरू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आता दोन-तीन वर्षंसुद्धा जातील. इथे ठेवायचं काही कारणच नाही." ओजस्वी नाचत घरी आली. दिवाणखान्यात आईबाबांसमोर नाबर मॅडम बसल्या होत्या.

"किती छान बातमी!" मॅडम म्हणाल्या. मग बाबांकडे वळून हळू आवाजात, "पण नोव्हेंबरच्या मुदतीआधी आपल्याला वियोग हवाय, हर्षदजी. सहवासावर दुसरी कॉलेजं मिळतील. ते नाही."

"त्या बऱ्या होतायत, मॅडम," ओजस्वी म्हणाली.

"हो गं राजा, आनंदच आहे. मला जरा पाणी आणतेस?"

ओजस्वी पाणी आणायला गेली. ती परतली तेव्हा विषय बदललेला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ती पोहून आली, तर आई फाटकातच उभी होती. डोळे लाल होते.

"ओजू, टिपणीसबाई गेल्या गं. झोपेतच. औषधाचा ताण हृदयाला सोसला नाही म्हणे. पुण्याची भाची येऊन परस्पर घेऊनही गेली."

ओजस्वीच्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते रडू नव्हतं. 'अर्जाची मुदत अजून आहे.' एवढंच, स्वच्छ, एखाद्या पाटीवर लिहिल्यासारखं. मग ती ओल्या केसांनी फाटकापाशीच खाली बसली.

तिला 'विसावा'त जायचं होतं. बाईंची खाट बघायची होती. नाबर मॅडम नको म्हणाल्या. तिथे गेलीस तर लोक समजूत घालतील, दुःखाला बोथटपणा येईल, आठवण गढूळ होईल. ओजस्वीने तेही ऐकलं.

मुंबईच्या ट्रेस केंद्रात तिच्या डोक्यावर टोपी चढवली. ती फाटक, आईचे लाल डोळे, केसांतून निथळणारं पाणी सांगू लागली आणि मध्येच हुंदक्यांनी तिला बोलवेना. पडद्यावर रेघ उभीच्या उभी चढली. त्या चढणीच्या अगदी आधी एक बारीक, सुईसारखं टोक होतं.

"हे काय?" आईने विचारलं.

"धक्का," नाबर मॅडम म्हणाल्या. "फार चांगलं लक्षण आहे. नकली दुःखात हे टोक येतच नाही."

ते टोक कशाचं आहे, हे त्या खोलीत एकट्या ओजस्वीला ठाऊक होतं.

नाताळच्या आधी प्रवेश मिळाल्याचं कळलं. बाबांनी आपल्या कारखान्यात सगळ्यांना जेवण दिलं. नातेवाइकांचे फोन थांबेनात. आता नाबर मॅडमची मनाई संपली होती, म्हणून ओजस्वी पेढ्यांचा पुडा घेऊन एकटीच 'विसावा'त गेली. तिथल्या नर्स लिली सिस्टर दारातच भेटल्या. वसईकडच्या, गोल चेहऱ्याच्या, सगळ्यांशी मोठ्याने बोलणाऱ्या.

"अगं, तू अमेरिकेहून आलीस कधी?"

"मी अजून गेलेच नाही, सिस्टर."

"मग टिपणीसबाईंना भेटायला का नाही गेलीस? परवा फोनवर किती चिडल्या होत्या तुझ्यावर! न सांगता उडून गेली कार्टी, म्हणाल्या."

ओजस्वीने पुडा भिंतीच्या कठड्यावर ठेवला. "कुठे आहेत त्या?"

"कुठे म्हणजे? वाईला. तुझ्या बाबांनीच नाही का घाटाजवळच्या त्या छान वृद्धाश्रमात खोली घेऊन दिली? फार मोठ्या मनाचा माणूस."

ती घरी पोचली तेव्हा आईबाबा चहा घेत होते. तिने उभ्यानेच विचारलं. आईचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"बैस आधी," बाबा म्हणाले. "आणि शांतपणे विचार कर. कुणाचं काय वाईट झालं? बाईंना इथल्यापेक्षा चांगली जागा मिळाली. नदी दिसते खिडकीतून. औषधपाणी आपण बघतोय."

"त्यांना काय सांगितलंत माझ्याबद्दल?"

"तुला लवकर जावं लागलं, असं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून."

"आणि मला सांगितलंत की त्या मेल्या."

"ओजू, तुझं दुःख खरं होतं की नाही?" आई म्हणाली. "टोपी काय खोटं बोलते? मग खोटं कुठे आहे यात? आणि आम्ही हे कुणासाठी केलं?"

"तू फाटकात उभी होतीस. तुझे डोळे लाल होते."

आई कपातला चहा ढवळत म्हणाली, "मॅडमनी थेंब दिले होते."

टेबलावर तीन वाट्यांत चिवडा होता. बाबांनी आपली वाटी पुढे ओढली आणि खायला सुरुवात केली. त्यांच्या दातांखाली शेंगदाणे फुटत होते. तो आवाज ओजस्वीला सहन होईना. याच माणसांनी तिला भरवलं होतं, शाळेच्या बसपर्यंत सोडलं होतं. त्यांच्या हातांकडे बघताना, आपल्याला पुन्हा कधी यांच्या ताटातलं खाता येईल असं तिला वाटेना.

सकाळच्या बसने ती पुण्याला आणि तिथून वाईला गेली. आश्रम स्वच्छ होता, खिडकीतून खरोखरच कृष्णा दिसत होती. टिपणीसबाई खुर्चीत बसून पेपर वाचत होत्या. अंगावर थोडं मांस आलं होतं. ओजस्वी त्यांच्या पायाशी बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. कोर्टात बसायच्या तशा त्या ताठ बसून राहिल्या.

"तू विश्वास ठेवलास?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आई रडत होती, बाई."

"आई रडत होती. प्रेत पाहिलंस? माझ्या खाटेपाशी जाऊन आलीस? भाची कोण, कुठली, हे विचारलंस? मला भाची नाही. पाच महिने माझ्यासमोर बसायचीस. मला भाची असती, तर तिच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय मी राहिले असते?"

बाईंनी चष्मा काढून पेपरवर ठेवला.

"ऐकलंस तेव्हा आधी काय आलं मनात? खरं सांग. मी जन्मभर माणसांची खोटी उत्तरं लिहून घेतली आहेत."

ओजस्वीने सांगितलं. मुदतीचं सांगितलं, त्या सुईसारख्या टोकाचंही सांगितलं. बाई नदीकडे बघू लागल्या. त्यांच्या हनुवटीखालची कातडी थरथरत होती. हे सोंग नव्हतं.

"तू गेलीस असं कळलं, तेव्हा मी चार दिवस कुणाशी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मला कुणी टोपी घातली नाही, म्हणून त्याची कुठे नोंद नाही. जा आता. आणि ऐक, मी खरंच मरेन तेव्हा तुला कळवायचं नाही, असं मी इथे सांगून ठेवणार आहे. तेही तुझ्या कुठल्यातरी कामाला यायचं."

परत येताना बसमध्येच ओजस्वीने विद्यापीठाला सगळं लिहून टाकलं. माझा ट्रेस खोट्या बातमीवर उभा आहे, प्रवेश रद्द करा. तिला वाटलं, निदान तिथे तरी कुणाला धक्का बसेल, कुणीतरी संतापेल. कुणीतरी 'हे चूक आहे' एवढं म्हणावं, एवढीच तिची भूक होती.

आठवड्याभराने प्रवेश विभागातल्या एका बाईंनी तिला पडद्यावर बोलावलं. चेहरा सौम्य होता, मागे बर्फाने झाकलेली झाडं दिसत होती.

"तुम्ही हे आम्हाला सांगितलंत, यासाठी मोठं धैर्य लागतं," त्या म्हणाल्या. "पण काळजी करू नका. आम्ही घटना तपासत नाही, अनुभव तपासतो. तुमचं दुःख प्रमाणित आहे. प्रवेश कायम आहे."

"पण ती बाई जिवंत आहे."

"हो. आणि म्हणूनच हे फार विलक्षण आहे." त्या किंचित पुढे झुकल्या. "जिवंत माणसाचा शोक, मग आईवडिलांकडून झालेला विश्वासघात, मग अपराधी भावना. एकाच विद्यार्थिनीत असे थर आम्ही पाहिलेले नाहीत. दुसरा ट्रेस द्यायला तुमची तयारी असेल, तर आमच्या मानाच्या शिष्यवृत्तीसाठी समिती तो आवडीने बघेल."

त्यांच्या डोळ्यांत खरोखरच सहानुभूती होती, आणि त्या सहानुभूतीच्या मागे ओजस्वीला भूक दिसली. ताटात काही चांगलं पडल्यावर दिसते तशी.

आई दाराआडून ऐकत होती. संभाषण संपताच ती आत आली. चेहरा उजळला होता. "बघ! मी म्हणत नव्हते? देव आहे आपल्या पाठीशी!" तिने तिथूनच नाबर मॅडमना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"दुहेरी ट्रेस!" मॅडमचा आवाज खोलीभर घुमला. "अहो, असा अजून माझ्याकडून एकही गेलेला नाही. ताजा आहे तोवर काढून घेऊ. आणि ओजस्वीला सांगा, तुमच्याशी मुळीच समेट करायचा नाही. बाईंनाही भेटायचं नाही. राग निवता कामा नये."

ओजस्वी न्हाणीघराकडे धावली, पण पोचली नाही. दारातच तिला उलटी झाली. पोटात काही नव्हतं, तरी येतच राहिली. आई फोन हातात धरूनच आली, पाठीवरून हात फिरवू लागली.

"काय झालं? कसला आवाज?" फोनमधून विचारणा झाली.

"ओकतेय हो पोर."

मग मॅडम म्हणाल्या, "आत्ता तिला जे होतंय ना, ते नीट लक्षात ठेवायला सांगा."

आईचा हात पाठीवर थांबला. पण तिने फोन बंद केला नाही.

ओजस्वीने तोंड धुतलं, तो हात बाजूला केला आणि खोलीत जाऊन प्रवेश नाकारल्याचं कळवून टाकलं. कारण विचारलं होतं, ते रिकामं सोडलं. काहीही लिहिलं असतं तरी त्यांना ते आवडलं असतं.

घरात रडारड झाली. बाबा पहिल्यांदाच तिच्या अंगावर ओरडले. नाबर मॅडमचा निरोप आला, की तत्त्वासाठी एवढी मोठी जागा सोडली, पुढच्या वर्षी याचाच ट्रेस फार भारी येईल. तो निरोप आईने तिला सांगितला तेव्हा आईच्या आवाजात पुन्हा थोडी आशा होती. ओजस्वीने दोन पिशव्या भरल्या आणि पुण्याला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली.

उन्हाळा लागला तेव्हा ती पुन्हा वाईला गेली. मनाशी काही ठरवलेलं नव्हतं. माफी मागायची म्हटलं, तर माफीसुद्धा कशाच्या तरी उपयोगाची वाटत होती. टिपणीसबाई व्हरांड्यात पत्ते मांडून एकट्याच खेळत होत्या. सावली पडली तशी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोण हवंय?"

"बाई, मी..."

"मी मेले तेव्हा माझ्या सगळ्या ओळखी संपल्या," बाई म्हणाल्या. "नाव सांग."

"ओजस्वी गायधनी."

"काय करतेस?"

"सध्या काही नाही."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग समोरच्या खुर्चीवरचा पेपर उचलून खाली ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या. "पत्ते येतात का?"